आकाशातून निघालेली वाट जबलपूरच्या टेकडीपर्यंत

रॉकेट, उपग्रह आणि चांद्रयान यांचे वेड बहुतेक मुलांना असते. हे वेड चार दिवसांचे ठरते, की त्यातून इतर विज्ञानाचीही गोडी लागते? जबलपूर शहरातल्या एका टेकडीची हकिकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरला. त्या वेळी घराघरांत टीव्हीसमोर सगळे कुटुंब श्वास रोखून बसले होते. एरवी क्रिकेटच्या अंतिम सामन्यालाच दिसणारे हे दृश्य! पुढे तोच दिवस 'राष्ट्रीय अंतराळ दिन' म्हणून जाहीर झाला. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हाही मुलांमध्ये असाच उत्साह होता.

पण दुसऱ्या दिवशी काय होते? मुलगी विचारते, ''आई, चंद्रावर एवढे खड्डे कशाने पडले? मग आपल्याकडे का नाहीत?'' आई स्वयंपाकाच्या घाईत असते, बाबा कचेरीत निघालेले असतात. उत्तर ठरलेले असते : ''मोठी झालीस की कळेल. आधी गणिताचा अभ्यास पुरा कर.'' दोन-तीनदा असे झाले की मुलगी विचारणे सोडते. नुकसान येथेच होते. ग्रहांची नावे आणि रॉकेटांची वजने पाठ असणे म्हणजे विज्ञानाची गोडी नव्हे. अवकाशाच्या ओढीतून ती लागू शकते, पण त्यासाठी पहिल्या प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न यावा लागतो, आणि तो आपल्या अंगणातल्या, स्वयंपाकघरातल्या, गावातल्या वस्तूंपर्यंत पोहोचावा लागतो.

चंद्रावरच्या खड्ड्यांचा प्रश्न कुठवर पोहोचतो, हे बघायला जबलपूरइतके चांगले ठिकाण सापडणे कठीण आहे.

शोधायला गेले लाकूड, सापडली हाडे

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवाँधार धबधबा आणि मदनमहाल आठवतात. शहरातल्या बडा शिमला टेकडीकडे मात्र पाहुण्यांना कोणी मुद्दाम घेऊन जात नाही. वास्तविक भारतातल्या डायनोसॉरांची कथा याच टेकडीवर सुरू झाली.

१८१७ पर्यंत जबलपूरवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. नंतर इंग्रज आले. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून पुढे गाजलेला विल्यम स्लीमन त्या काळात येथे कॅप्टन होता. १८२८ साली या टेकडीच्या परिसरात तो दगड झालेल्या लाकडाचे तुकडे शोधत होता. लाकूड शोधता शोधता त्याच्या हाती लागली प्रचंड मोठी हाडे, तीही दगड झालेली.

ही हाडे कोणाची, हे सांगणे तेव्हा कोणालाच शक्य नव्हते. 'डायनोसॉर' हा शब्दच जन्मला नव्हता. तो रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली रूढ केला. स्लीमनने काही हाडे डॉ. स्पिल्सबरी या इंग्रज डॉक्टरकडे दिली. त्याच्यामार्फत ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडणारा प्रिन्सेप तो हाच. अखेर १८७७ साली रिचर्ड लायडेकर याने या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले. लांब मानेचा, लांब शेपटीचा, चार पायांवर चालणारा हा अवाढव्य शाकाहारी प्राणी होता. पुढे जबलपूरच्या याच थरांत मांसाहारी डायनोसॉरांची हाडे आणि डायनोसॉरांच्या अंड्यांचे अवशेषही मिळाले. नर्मदेच्या काठावरच्या लम्हेटा घाटावरून या थरांना भूशास्त्रात 'लमेटा' हे नाव पडले आणि ते जगभर रूढ झाले.

यातला एक मुद्दा पालकांनी ध्यानात घ्यावा. स्लीमन लष्करी अधिकारी, स्पिल्सबरी डॉक्टर, तर प्रिन्सेपची नोकरी टांकसाळीतली. हाडे गोळा करणे हा तिघांपैकी एकाचाही पेशा नव्हता. दिसलेली वस्तू फेकून न देता 'हे काय असेल?' असे विचारण्याची सवय तेवढी त्यांना होती.

मारेकरी आला आकाशातून

आता चंद्रावरच्या खड्ड्यांकडे वळू. ते बहुतांशी अवकाशातून येऊन आदळलेल्या लहानमोठ्या पाषाणांनी पडलेले आहेत. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, त्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा खड्डाही तसाच राहतो. पृथ्वीवरही असे पाषाण पडले, पण येथे पाऊस, नद्या, वारा आणि जमिनीची उलथापालथ यांनी बहुतेक खुणा पुसल्या.

त्यांपैकी एक आघात मात्र फार महाग पडला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले. ते कशाने मेले, याबद्दल नाना तर्क होते. १९८० साली अमेरिकेतल्या लुईस अल्वारेझ आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी वेगळाच पुरावा पुढे आणला. वडील भौतिकशास्त्रज्ञ, १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले, मुलगा भूशास्त्रज्ञ. त्यांच्या जोडीला फ्रँक असारो आणि हेलन मिशेल हे दोन रसायनशास्त्रज्ञ होते.

इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळच्या चुनखडीत मातीचा एक पातळ थर आहे. त्याच्या खाली डायनोसॉरांच्या काळातले खडक, तर वर त्यांच्या नंतरचे. हा थर साचायला किती काळ लागला, एवढेच या चौघांना मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी इरिडियम हा धातू निवडला. पृथ्वीच्या कवचात तो फारच थोडा असतो, कारण पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत होती तेव्हा बहुतेक इरिडियम लोखंडाबरोबर खाली गाभ्यात गेले. उल्कांमध्ये मात्र ते तुलनेने भरपूर असते. अवकाशातून सतत पडणाऱ्या बारीक धुळीबरोबर किती इरिडियम साचले, यावरून काळाचा हिशेब निघेल अशी त्यांची अटकळ होती. प्रत्यक्षात त्या थरात इरिडियम नेहमीच्या सुमारे ३० पट निघाले! एवढे इरिडियम येणार कुठून? त्यांनी हिशेब मांडला : सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह पृथ्वीवर आदळला असला पाहिजे.

मग खड्डा कुठे आहे, असे विरोधकांनी विचारले. त्याचे उत्तर १९९१ च्या सुमारास पक्के झाले. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाखाली, चिक्शुलूब येथे, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे गाडले गेलेले विवर आहे. खनिज तेलाचा शोध घेणाऱ्यांना त्याचा सुगावा आधीच लागला होता, फक्त हे दोन धागे जुळायचे राहिले होते. आघाताने उडालेल्या धुळीने आणि काजळीने सूर्यप्रकाश अडवला, वनस्पती मेल्या, त्यांवर जगणारे प्राणी उपाशी मेले आणि मग त्यांना खाणारेही गेले.

दुसरा संशयित आपल्या घरचा

पण खटला एवढ्यावर संपत नाही. बडा शिमला टेकडीची बाजू खालून वर बघत गेले की आधी हिरवट वालुकाश्म, मग चुनखडीचे आणि मातकट थर आणि माथ्याकडे काळा कठीण बेसॉल्ट दिसतो. डायनोसॉरांची हाडे खालच्या थरांत, त्यांच्यावर काळा दगड. हा काळा दगड म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींतून वाहिलेला आणि थिजलेला लाव्हा.

महाराष्ट्राच्या वाचकांना या दगडाची ओळख नव्याने करून द्यायला नको. सह्याद्रीचे कडे, शिवरायांचे बहुतेक गड, अजिंठा-वेरूळची लेणी, आजीच्या घरचा पाटा-वरवंटा, सारे याच काळ्या पाषाणाचे. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर तो पसरलेला आहे. हे उद्रेक साधारण डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातच झाले. त्यांतून बाहेर पडलेल्या वायूंनी हवामान बिघडले आणि डायनोसॉरांचा घात झाला, असे मानणारे शास्त्रज्ञही आहेत. आज बहुसंख्य अभ्यासक लघुग्रहालाच मुख्य दोषी ठरवतात, तरी ज्वालामुखींचा वाटा किती, हा वाद चालूच आहे. गुजरातमध्ये कच्छमधील अंजार येथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात इरिडियम मिळाले. म्हणजे लघुग्रहाची धूळ पडली, त्याआधीच येथे लाव्हा वाहू लागला होता, असा अर्थ भारतीय शास्त्रज्ञांनी लावला.

मुलांना हा वाद जरूर सांगावा. विज्ञान म्हणजे पुस्तकातली पक्की उत्तरे, असा समज शाळेत होतो. पुराव्यानुसार मत बदलणारी, एकमेकांना प्रश्न विचारणारी माणसे विज्ञान घडवतात, हे अशा गोष्टींतून कळते.

आणि गंमत पाहा, पौर्णिमेच्या चंद्रावर आपण ज्याला ससा किंवा हरीण म्हणतो, ते काळसर डागही बेसॉल्टचीच मैदाने आहेत. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी आणलेल्या दगडांत बेसॉल्ट होता. पाटा-वरवंटा आणि चंद्रावरचा ससा यांचे असे नाते आहे!

विष्ठेत सापडले गवत

जबलपूरसारखेच लमेटा थर महाराष्ट्रातही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा सापडते. ऐकून मुले हसतील, नाक मुरडतील. पण शास्त्रज्ञांना ती सोन्यासारखी वाटली.

वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती तपासली. त्यांना तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे अतिसूक्ष्म कण दिसले. गवताचे पाते ओढताना बोट कापते, ते याच सिलिकाच्या धारेमुळे. प्रत्येक प्रकारच्या गवतात या कणांचा आकार निराळा असतो, त्यामुळे गवताचा प्रकारही ओळखता येतो. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि खळबळ उडाली. कारण डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतेच, असे तोवर समजले जात होते. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत गवताचे निदान पाच प्रकार निघाले. पुढे २०११ मध्ये भाताच्या कुळाशी नाते सांगणाऱ्या गवताचाही पुरावा पुढे आला.

पाहा, प्रश्न निघाला होता चंद्रावरच्या खड्ड्यापासून आणि आला आपल्या ताटातल्या भातापर्यंत. वाटेत खगोलशास्त्र आले, रसायनशास्त्र आले, भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्रही आले. शाळेच्या वेळापत्रकात हे विषय वेगवेगळ्या तासांना येतात. प्रश्न मात्र अशा भिंती मानत नाही.

हरवलेला मणका

जबलपूरच्या पहिल्या हाडांचे पुढे काय झाले, ही कथाही सांगण्याजोगी आहे. लायडेकरने ज्यांच्या आधारे नाव दिले, ती हाडे कलकत्त्याच्या संग्रहात होती. पुढे ती कुठे गेली, कोणालाच कळेना. ती हरवली असेच सगळे धरून चालले. २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले धनंजय मोहबे, शुभाशीष सेन आणि अमेरिकेतले जेफ विल्सन यांनी तेथले जुने नमुने एकेक करून तपासले, तेव्हा टायटॅनोसॉरसच्या शेपटीचा मणका पुन्हा हाती लागला. स्लीमनच्या शोधानंतर १८४ वर्षांनी भारताच्या पहिल्या डायनोसॉरचा असा दुसऱ्यांदा शोध लागला.

याच मोहबे यांनी गुजरातमधल्या ढोली डुंगरी येथून डायनोसॉरचे एक घरटे मिळवले होते. त्यातली हाडे नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची, असे त्यांनी १९८७ मध्ये लिहिले. २००१ मध्ये विल्सन यांनी तो दगड बघितला आणि त्यांना त्यात सापाचे मणके दिसले! अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर २०१० मध्ये या दोघांनी सहकाऱ्यांसह जाहीर केले, की अंड्यांभोवती वेटोळे घातलेला हा सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप पिल्ले खायला आलेला असावा. आपल्याच जुन्या निष्कर्षात दुरुस्ती करणाऱ्या निबंधावर मोहबे यांनी आनंदाने नाव घातले. चूक दुरुस्त करण्यात कमीपणा नसतो, हा धडा मुलांना उपदेशाने शिकवण्यापेक्षा या सापाच्या गोष्टीतून अधिक चांगला पोहोचेल.

आणि हे काम फक्त मोठ्या संस्थांतच होते असेही नाही. नर्मदेच्याच खोऱ्यात, धार जिल्ह्यात, डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचा निबंध जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर त्याच्या लेखकांमध्ये विशाल वर्मा हे शासकीय शाळेतले शिक्षक आहेत.

सही नको, प्रश्न विचार

मुलांची आकाशाची ओढ विज्ञानाकडे कशी वळवावी, याचा वस्तुपाठ मराठी माणसांना घरच्याच एका थोर शास्त्रज्ञाने दिला आहे. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) विश्वाच्या उत्पत्तीचा अभ्यास करीत, पण मुलांसाठी त्यांच्याकडे वेळ असे. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, ''मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर देईन आणि खाली सही करीन.'' आणि खरोखरच ते स्वतः उत्तरे लिहीत. सही मिळवण्यासाठी आधी प्रश्न शोधावा लागे, त्यासाठी विचार करावा लागे. त्यांनी पुण्यात उभारलेल्या 'आयुका' या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू झाली. तिच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुले काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या, जुन्या बाटल्या यांतून खेळणी करत विज्ञान शिकली.

घरी काय करता येईल?

यासाठी दुर्बीण विकत घ्यायची गरज नाही. सुरुवातीला एवढे पुरे :

परातीतला चंद्र : परातीत तीन-चार बोटे जाडीचे पीठ सपाट पसरा. वर हळदीचा किंवा लाल गेरूचा पातळ थर द्या. मग गोटी वेगवेगळ्या उंचीवरून सोडा, फेकू नका. खड्ड्याची रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहा. उंची दुप्पट केली तर रुंदीही दुप्पट होते का? खालचे पांढरे पीठ उडून बाहेर रेषा पडतात. चंद्रावरच्या काही विवरांभोवती अशाच रेषा दिसतात. मागाहून ते पीठ खाण्यात वापरू नये.

लोणारची सहल : परातीतला खड्डा प्रत्यक्ष बघायचा तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार गाठावे. हे सरोवर उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. ते किती जुने, याचे उत्तर एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे आले, तर नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने सुमारे पावणेसहा लाख वर्षे. एवढी तफावत का, हा प्रश्न मोठ्या मुलांसाठी राखून ठेवावा.

मोड आलेले मूग : शुभांशू शुक्ला यांनी अंतराळ स्थानकावर केलेल्या प्रयोगांत मूग आणि मेथी यांना मोड आणण्याचाही प्रयोग होता. घरी दोन वाट्यांत मूग भिजवा, एक उजेडात, एक अंधारात ठेवा. मूळ नेहमी खालीच का जाते? आणि जेथे 'खाली' असे काही नाही, तेथे ते कुठे जाईल?

प्रश्नांची वही : मुलाचा प्रश्न तारखेसह लिहून ठेवा. उत्तर माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' असे सरळ सांगा आणि रविवारी दोघे मिळून वाचनालयात शोधा. इंटरनेटवर शोधलेत तर तेथली माहिती निदान दोन ठिकाणी पडताळून पाहायला मुलाला शिकवा.

जबलपूरकडच्या आणि तेथे सुट्टीत जाणाऱ्या कुटुंबांनी भेडाघाटाबरोबर एक दिवस दगडांसाठी राखावा. जवळच्या दिंडोरी जिल्ह्यात घुघवा येथे जीवाश्म उद्यान आहे, दगड झालेली झाडे तेथे बघता येतात. मात्र कुठेही दगड फोडू नये, तुकडा खिशात घालू नये. जागेवरून हललेले हाड अभ्यासकाच्या निम्म्याच उपयोगाचे राहते, कारण ते कोणत्या थरात होते हेच कळेनासे होते. फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी आणि जाणत्याला कळवावे.

सगळीच मुले शास्त्रज्ञ होणार नाहीत, व्हायलाही नकोत. पण आपल्या पाट्याचा दगड कुठून आला, भाताचे मूळ किती जुने आहे आणि ऐकलेली गोष्ट खरी की खोटी हे कसे पडताळावे, एवढे ज्याला कळले, तो पुढे वकील झाला, दुकानदार झाला किंवा शेतकरी झाला, तरी सहजासहजी फसणार नाही. चंद्राकडे बोट दाखवून विचारलेल्या प्रश्नाला घरात पाच मिनिटे मिळाली, तर एवढे नक्कीच साधेल.